दिवस मावळायच्या आत

ब्राह्मीचं पत्र जानेवारीच्या अखेरीस आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. वहीतून फाडलेला रेघी कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. आजकालची मुलगी पत्र कशाला लिहील, असं कुणी विचारील. तिचा फोन वडिलांनी काढून घेतला होता.

"आजोबा," तिनं लिहिलं होतं, "फोन आप्पांनी दुकानात ठेवलाय, म्हणून पत्र. आप्पा मला फेब्रुवारीत परत तुमच्याकडे सोडणार आहेत. मला यायचं नाही. तुमचा कंटाळा आला म्हणून नाही, आक्कांना तसं सांगू नका. घरात सगळे म्हणतात मी नियम फार कडक पाळला म्हणून चक्कर आली. नियमाचं काही नाही. मला जेवायचं नसतं, आणि दिवस मावळला की मला कोणी जेव म्हणत नाही, एवढंच आहे. त्या दिवशी रेल्वे गेटपाशी तुम्ही मला पाहिलंत. मीपण तुम्हाला पाहिलं होतं. तुम्ही आप्पांना सांगाल का? मी सांगितलं तर ते हसतात. तुमचं ऐकतात."

मी कागद घेऊन बसलो. "चि. ब्राह्मी, अनेक आशीर्वाद" एवढं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. लोकांना हवी ती पुस्तकं काढून देणं मला जमायचं, स्वतःहून कुणाला काही सांगणं कधी जमलं नाही. दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याचा धर्म, दुसऱ्याच्या घरातला नियम. चार दिवसांनी लिहू असं म्हटलं आणि कागद कपाटात ठेवला.

तिचे वडील वर्धमान हे आमच्या कॉलेजचे विद्यार्थी. निपाणीहून येऊन बेळगावात शिकायचे, दुपारी ग्रंथालयात बसायचे, आणि मी शांत बसू देतो म्हणून माझ्यावर त्यांचा जीव जडला. पुढे त्यांनी निपाणीत खतं-औषधांचं दुकान काढलं, कोगनोळीकडे शेती वाढवली. मुलगी दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली तेव्हा तिला घेऊन ते थेट आमच्या अनगोळच्या घरी आले.

"सर, हॉस्टेलवर ठेवायला मन घेईना बघा," ते म्हणाले. "तिथं जेवण साडेआठला. आमच्यात दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घेत न्हाईत. तुमची माडी मोकळीच हाय. पोरगी दोन वर्सं ऱ्हाऊ दे. डाक्टर झाली की तुमचं बीपी फुकट तपासंल."

ब्राह्मी तेव्हा उन्हानं रापलेली, दणकट मुलगी होती. शाळेत खो-खो खेळायची. गुडघ्यावर खरचटल्याच्या खुणा होत्या आणि त्या लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

माझी थोरली बहीण विद्युल्लता, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, ती आतून म्हणाली, "केशवा, तू हो म्हणायला तासभर घेशील, म्हणून मीच सांगते. राहू दे गं पोर. कांदा-बटाटा नको ना? नाहीतरी चातुर्मासात मी कुठं घालते?"

पहिलं वर्ष बरं गेलं. सकाळी उद्यमबागेच्या कामगारांच्या मोटारसायकली घरासमोरून जायला लागल्या की ब्राह्मी उठलेली असायची. कॉलेजातून चारला यायची, आक्काच्या हातची गरम भाकरी खायची, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना खो-खो शिकवायची. मला म्हणायची, "आजोबा, तुम्ही पण या की. नुसतं खांब म्हणून उभं राहा."

दुसऱ्या वर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लागला. तो पाचला सुरू होऊन साडेसातला सुटायचा. घरी येईपर्यंत अंधार पडलेला. म्हणून आक्का तिला दुसरा डबा द्यायला लागली, क्लासच्या आधी, दिवस मावळायच्या आत खायला. डबा रोज रिकामा यायचा, आक्का खूश व्हायची. "धुवायची सुद्धा गरज नाही, इतका पुसून खाते," असं शेजारणीला सांगायची.

खो-खो बंद झाला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बारावीचं वर्ष आहे, खेळायचं कसलं? नंतर झोप गेली. क्लासचे धडे फोनवर यायचे आणि ती ते दुप्पट वेगानं लावून ऐकायची. सकाळी मी फुलं काढायला अंगणात जायचो तेव्हा माडीवरून तो भरभर बोलणारा चिरका आवाज येत असायचा. रविवारी ती दुपारपर्यंत अंथरुणात असे. मैत्रिणी यायच्या थांबल्या. एकदा मी धीर करून विचारलं, "झोप होते ना गं?" ती म्हणाली, "झोपलं की पुढचे पळतात, आजोबा." मला ते वाक्य आवडलं. खरं सांगतो, आवडलं. जिद्द म्हणतात ती हीच, असं वाटलं.

चेहरा उतरत गेला तेव्हाही आम्हाला कारण तयार मिळालं होतं. तिचा नियम. जैनांमध्ये भुकेपेक्षा कमी खाण्याच्या तपाला ऊनोदर म्हणतात. हा शब्द तिनंच एका रविवारी जेवताना सांगितला, अर्धी भाकरी बाजूला सारून. मी लगेच कपाटातून ग्रंथ काढला, त्यावर दोन पानं वाचून दाखवली, आणि सतरा वर्षांच्या मुलीला हे कळतं याचं कौतुक केलं. आक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर ती पान सारताना नुसतं "ऊनोदर" म्हणायची आणि आम्ही दोघं गप्प बसायचो. उपाशी राहणाऱ्या मुलीला आई ओरडते. तप करणाऱ्या मुलीला कोण ओरडणार?

मग दिवाळीनंतरची ती संध्याकाळ. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ मी औषधं घेऊन परतत होतो. गेट पडलेलं होतं. पलीकडे, भिंतीच्या कडेला, ब्राह्मी उकिडवी बसली होती. डब्यातली भाकरी मोडून एका काळ्या कुत्रीला घालत होती. भाजी तिनं कागदावर उपडी केली, मग बाटलीतल्या पाण्यानं डबा विसळला, ओढणीनं पुसला आणि झाकण लावलं. ऊन अजून होतं. जेवायला पुष्कळ वेळ होता. मी एका टेम्पोच्या आड झालो. गेट उघडलं तरी तिथंच उभा राहिलो. ती पुढे गेल्यावर निघालो.

घरी आलो तर आक्का तिच्या डब्यासाठी दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत होती. मी काही बोललो नाही. भूतदया असेल, एखाद्या दिवशी भूक नसेल, असं मनाला सांगितलं.

डिसेंबरमध्ये ती बसस्टॉपवर पडली. कपाळाला टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी वजन केलं, रक्त तपासलं, नखं पाहिली, मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढून तिच्याशी बराच वेळ बोलल्या. वर्धमान निपाणीहून धावत आले होते. सोबत तिची आई अनुराधा.

"हिची झोप, जेवण, खेळ, मैत्रिणी, यातलं आधी काय सुटलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वर्धमान म्हणाले, "खेळ आम्हीच सोडवला, म्याडम. पेपर हाईत."

"आणि रडायला कधीपासून लागली?"

ती रडते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अनुराधाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आधी मन बिघडलं म्हणून झोप गेली, की झोप गेली म्हणून मन बिघडलं, हे मला आज सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही एकमेकांना ओढतात. पण ही अशक्तपणाची केस नाही. हिला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा." आणि त्यांनी नाव लिहून चिठ्ठी दिली.

वर्धमाननी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सर, आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. नियम जरा जास्तच कडक धरला पोरीनं, आजीवर गेलीया. महिनाभर घरचं दूध-तूप पोटात जाऊ दे, मग बघा." त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि खोटं बोलायचं नाही, थोडा अभिमानही होता.

मग ते पत्र आलं, आणि मी ते कपाटात ठेवलं.

एकदा फोन केला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी म्हणालो, "वर्धमान, ब्राह्मीबद्दल जरा..." तिकडून ते ओरडले, "अगदी झकास हाय सर! थांबा, कोगनोळीच्या नाक्यावर आमचा ट्रक अडवलाय, मी लावतो फोन." त्यांनी लावला तो दोन दिवसांनी, आणि मला बोलायला जागाच ठेवली नाही. "पुढच्या शुक्रवारी पोरीला आणून सोडतो. त्याआधी रविवारी तुम्ही या की आमच्याकडं. आक्कांना पण आणा. तुमी आलासा म्हणजे तिला हुशारी येईल."

आक्काचे गुडघे धरले होते. मी एकटा गेलो. बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत बोलायची वाक्यं जुळवली, निपाणी येईपर्यंत मोडली.

वर्धमाननी दारातच हात धरला. "जय जिनेंद्र सर! वाळलासा की. आक्का काय खायला घालत न्हाईत व्हय?" आणि आत वळून हाक दिली, "ब्राह्मी, कोण आलंय बघ गं!"

ती आली. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मला घाम येत होता आणि तिनं स्वेटर घातला होता. बाहीतून मनगट दिसत होतं, त्यावरची बांगडी कोपरापर्यंत सरकली असती. वाकून नमस्कार केला आणि उठताना दाराची चौकट धरली. माझ्याकडे पाहिलं. पत्र मिळालं का, हे तिनं विचारलं नाही. मी काही बोलणार की नाही, एवढंच ती पाहत होती. मी विचारलं, "वाचन चाललंय का?" ती "हो" म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी सहाला पानं वाढली. त्या घरात जेवणघराच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिच्यात रोजची सूर्यास्ताची वेळ छापलेली असते. पश्चिमेला मोठी खिडकी. जोंधळ्याच्या भाकऱ्या, पावट्यासारख्या वरण्याची आमटी, दही, शेंगाचटणी. मी, वर्धमान, ब्राह्मी आणि वर्धमानांचा पुतण्या वृषभ जेवायला बसलो. अनुराधाबाई वाढत होत्या.

वर्धमान एकटेच बोलत होते. क्लासवाल्यांनी सवलत दिली, राहिलेलं सगळं फोनवर मिळणार, शुक्रवारी सोडलं की परीक्षेपर्यंत इकडं यायचंच नाही. मी ऐकत होतो आणि समोरच्या ताटाकडे पाहत होतो.

ब्राह्मीनं भाकरीचा तुकडा मोडला. त्याचे आणखी दोन केले. त्यातला एक वरण्यात बुडवला आणि ताटाच्या कडेला ठेवला. चटणीत दही घालून कालवलं. पाणी प्याली. पुन्हा तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला, आणि वृषभानं काही विचारलं म्हणून उत्तर द्यायला खाली ठेवला. हात सारखा चालू होता. लांबून पाहणाऱ्याला ती जेवते आहे असंच वाटलं असतं. पण तिचे डोळे ताटात नव्हतेच. दर थोड्या वेळानं ते खिडकीकडे जात होते. बाहेर उसाच्या शेतावर सूर्य टेकला होता. परीक्षेच्या हॉलमध्ये काही येत नसलेलं पोर जसं घंटेची वाट बघतं, तशी ती त्या सूर्याची वाट बघत होती.

"खा गं बाळ," अनुराधाबाई हळूच म्हणाल्या.

"खातेय."

"त्यो दह्याचा तेवढा तरी..."

सूर्य उसाआड गेला. ब्राह्मीनं हात जोडले, ताटाला नमस्कार केला. "झालं, आई. मावळला." इतका वेळ ताठ असलेले तिचे खांदे सैल झाले. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

वृषभानं घाईघाईनं शेवटचा घास कोंबला. वर्धमान माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलासा? मी दोन मिनिटं हिकडंतिकडं करीन. ही न्हाय करायची."

ताटात भाकरी जवळजवळ अख्खी होती. तुकडे झालेली, पण अख्खी.

"वर्धमान," मी म्हणालो, "तिनं खाल्लंच नाही."

माझा आवाज इतका बारीक आला की मलाच शरम वाटली. ते हसले. "सर, नियम म्हंजे नियम. सकाळी खाईल की. आमची म्हातारी आठ आठ दिवस उपास करायची, ऐंशी वर्सं जगली."

"ती आजी होती. तिला भूक लागायची."

"म्हंजे?"

ब्राह्मी दारात थांबली होती. अनुराधाबाईंचा पळीचा हात तसाच राहिला. मला पुढचं वाक्य येत होतं. कुत्री, डबा, रेल्वे गेट, सगळं जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "काही नाही. वरणा छान झालाय."

ब्राह्मी आत निघून गेली. दार लावल्याचा आवाज सुद्धा झाला नाही.

रात्री मुक्कामाला राहा म्हणत होते, मी राहिलो नाही. अनुराधाबाई फाटकापर्यंत आल्या. वर्धमान गाडी काढायला गेले होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सर, तुम्हास्नी काय माहीत हाय?" मी गाडीच्या दिशेनं पाहू लागलो. त्या म्हणाल्या, "परवा मला म्हणाली, पोट रिकामं असलं की डोकं गप बसतंय गं आई. नाहीतर ते लई बोलतंय. काय बोलतंय म्हटलं, तर सांगंना. त्यास्नी सांगितलं, तर म्हणाले ध्यान लागत असंल." गाडीचा दिवा आमच्यावर पडला आणि त्या पदर सावरून आत वळल्या.

बसमध्ये कंडक्टरनं कन्नडमधून दोनदा विचारलं, कुठलं तिकीट. तिसऱ्यांदा तो मराठीत म्हणाला, "आजोबा, उतरायचं कुठं हाय ते तरी ठरवलंय का?" मागची माणसं हसली. मी बेळगाव म्हणालो. सगळ्या वाटेत मला एवढंच दिसत होतं की शुक्रवारी ती माझ्या माडीवर येईल. सकाळी तो भरभर बोलणारा आवाज सुरू होईल, आक्का डबा भरेल, तो रिकामा येईल, आणि आम्ही पुन्हा तिच्या तपाचं कौतुक करू. मग एके दिवशी बसस्टॉपवरून कुणी उचलून आणणार नाही. कदाचित बसस्टॉपपर्यंत ती जाणारही नाही. पोट रिकामं असूनही ते डोकं गप्प बसलं नाही, तर ते गप्प करायला ती काय करील, हे मला कळत होतं. कुठल्याही ग्रंथात न बघता कळत होतं.

सोमवारी सकाळी मी आक्काला सगळं सांगितलं. गेटची गोष्टसुद्धा. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मी रोज मेथी निवडत होते रे." आणि थोड्या वेळानं, "तू बघितलंस आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"मग आता तरी लिही. तोंडानं तुला जन्मात जमायचं नाही."

मी लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, त्यात मी ऊनोदरावर अर्धं पान घातलं होतं. दुसरा फाडला, त्यात माझीच रड होती. आक्का दारातून म्हणाली, "पत्र लिहितोयस की प्रबंध? पोरगी म्हातारी होईल." तिसऱ्यांदा मी साधं लिहिलं.

"चि. ब्राह्मी, तुझं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर केला. हे पत्र आप्पांच्या नावानं दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, म्हणजे ते आधी वाचतील. त्यांना सांगा म्हणाली होतीस, ते इथंच सांगतो.

वर्धमान, मुलगी जे सांगते ते खरं आहे. दिवाळीनंतर मी तिला स्वतःचा डबा कुत्रीला घालताना पाहिलं, भरपूर ऊन असताना. रविवारी तुमच्या घरी ती नियम पाळत नव्हती. ती दिवस मावळायची वाट बघत होती. तुमचा नियम मोठा आहे, पण आजार त्याच्या आड बसला आहे आणि आपण सगळे त्याला नमस्कार करत आहोत. मीही केला. डिसेंबरात डॉक्टरबाईंनी दिलेली चिठ्ठी शोधा आणि हिला तिकडे न्या. क्लासचं जे ठरवलं असेल ते मोडा. परीक्षा पुढच्या वर्षी देता येते. ती काय बोलते ते अनुराधाबाईंना विचारा, आणि या दिवसांत तिला एकटी ठेवू नका.

शुक्रवारी तिला आमच्याकडे आणू नका. मी तिला ठेवून घेणार नाही. तुम्ही रागवाल, तर रागवा. ब्राह्मी, तुला घर बंद नाही. बरी होऊन ये, नुसती राहायला ये. आत्ता शिकायला येऊ नकोस."

आक्कानं वाचलं. "ठेवून घेणार नाही, हे जरा..." ती थांबली. मग म्हणाली, "राहू दे. नाहीतर तो हसेल."

हे वाचून वर्धमान काय करतील ते मला माहीत नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांना नाही असा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला. कदाचित पत्र फाडतील. कदाचित तिला दुसरीकडे ठेवतील, आणि मग मी तिच्यासाठी उघडं असलेलं हेही एक दार बंद केलं असं होईल. टपाल कचेरीच्या रांगेत हेच डोक्यात फिरत होतं आणि दोनदा मी रांग सोडून बाजूला झालो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, साधं की स्पीड पोस्ट?"

"उद्या पोचायला पाहिजे," मी म्हणालो.

तिनं पाकीट वजनाला ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.